सिल ३ चं मॉड्यूल बसवलं, पण तारेचं काय? सेफ्टी इनपुट मॉड्यूल जोडण्याची आणि तपासण्याची पद्धत

ईएसडी (इमर्जन्सी शटडाऊन, म्हणजे आणीबाणीत प्लँट थांबवणाऱ्या यंत्रणेच्या) पॅनेलचं दार उघडलं की सेफ्टी मॉड्यूल्स त्यांच्या पिवळ्या रंगावरून लगेच ओळखू येतात. कॅटलॉगमध्ये सिल ३ (सिल म्हणजे सुरक्षा यंत्रणेच्या भरवशाची पातळी) लिहिलेलं असतं आणि किंमत साध्या डिजिटल इनपुट कार्डाच्या कैक पट. एवढे पैसे मोजले की पॅनेल बनवणारा, बसवणारा आणि वापरणारा असे तिघेही जरा निर्धास्त होतात, आणि गोची तिथेच होते. ते सिल ३ मॉड्यूलच्या टर्मिनलपाशी संपतं. पुढची तीनशे मीटर केबल, जंक्शन बॉक्स, ग्लँड, काँटॅक्ट आणि बटण यांची राखण मॉड्यूल थोडीफार करतं, तीही सेटिंग नीट केलं तरच. कुरकुंभचा रासायनिक प्लँट असो, रांजणगावची बॉयलर लाइन असो की चाकणचं प्रेस शॉप, हातात मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन हे काम करणाऱ्यासाठी पुढचं लिहिलं आहे.

आधी एक हिशोब. आयईसी ६१५०८ आणि प्रोसेस प्लँटसाठीचं आयईसी ६१५११ या मानकांत सिल हा आकडा सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या पूर्ण लूपला लागतो, एकट्या मॉड्यूलला नाही. गरज पडेल तेव्हा लूप न चालण्याची सरासरी शक्यता ०.०१ ते ०.१ असेल तर सिल १, ०.००१ ते ०.०१ असेल तर सिल २, आणि ०.०००१ ते ०.००१ असेल तर सिल ३. या शक्यतेची वाटणी करताना ढोबळमानाने ३५ टक्के सेन्सरला, १५ टक्के लॉजिकला आणि ५० टक्के व्हॉल्व्हला देतात. इनपुट मॉड्यूल त्या १५ टक्क्यांतला एक तुकडा. म्हणजे सिल ३ च्या मॉड्यूलला गंजलेला प्रेशर स्विच जोडला तर लूप गंजलेल्या स्विचच्याच लायकीचा राहतो.

मॉड्यूल नेमकं करतं काय

साधं इनपुट कार्ड व्होल्टेज बघतं आणि आलं किंवा गेलं एवढंच सांगतं. सेफ्टी मॉड्यूलमध्ये तोच सिग्नल दोन स्वतंत्र सर्किट वाचतात, एकमेकांशी ताडून बघतात आणि पटलं नाही तर चॅनेल शून्यावर टाकतात. यालाच पॅसिव्हेट होणं म्हणतात. ईएसडीचं वायरिंग ‘सिग्नल गेला की ट्रिप’ या तत्त्वावर असल्यामुळे शून्य म्हणजे ट्रिप (प्लँट थांबणं), आणि ट्रिप म्हणजे सुरक्षित बाजू.

दुसरं काम टेस्ट पल्सचं, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. मॉड्यूल फील्डमधल्या काँटॅक्टला स्वतःच्या टर्मिनलवरून २४ व्होल्ट देतं. या सेन्सर सप्लायला ते ठरावीक वेळाने मिलिसेकंदाच्या काही भागापुरती खोट पाडतं, म्हणजे तेवढा क्षण सप्लाय बंद करतं. काँटॅक्ट बंद असेल, म्हणजे जोडलेला असेल, तर ती खोट इनपुटवरही दिसली पाहिजे. दिसली नाही, तर त्या तारेला दुसरीकडून कुठून तरी २४ व्होल्ट मिळतायत. दोन चॅनेलच्या दोन सप्लायना ही खोट वेगवेगळ्या वेळी पाडली जाते, म्हणून चॅनेल १ ची तार चॅनेल २ ला चिकटली तरी पकडली जाते.

आता ते काय पकडत नाही ते बघा. एकाच काँटॅक्टच्या दोन तारा आपसात चिकटल्या, तर खोट अगदी व्यवस्थित इनपुटपर्यंत पोचते. मॉड्यूलच्या दृष्टीने तो काँटॅक्ट बंद आहे, सगळं ठीक आहे. एलईडी हिरवा. बटण दाबलं तरी हिरवाच. नुसत्या टेस्ट पल्सच्या भरवशावर असाल तर हा फॉल्ट फक्त दोन ठिकाणी सापडतो: दोन चॅनेल असतील तर बटण दाबल्यावर दोन्हींत पडणाऱ्या फरकातून, आणि एकच चॅनेल असेल तर चाचणीच्या वेळी. तेव्हा बटण फक्त बघून पुढे जायचं नाही, दाबून बघायचं.

केबल ओढण्याआधी

कॉज-अँड-इफेक्ट शीट (कुठल्या इनपुटने काय थांबायचं याचा तक्ता) आणि सेफ्टी रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन समोर ठेवा. प्रत्येक इनपुटच्या ओळीत पाच गोष्टी असायलाच हव्यात: सिल किती, नॉर्मल स्थितीत सिग्नल चालू की बंद, मतदान कसं म्हणजे एकच सेन्सर, दोनपैकी एक की तीनपैकी दोन, बायपास चालतो का, आणि प्रोसेस सेफ्टी टाइम, म्हणजे गडबड सुरू झाल्यापासून अपघात होईपर्यंतचा वेळ, किती. शेवटचा रकाना रिकामा असेल तर डिझाइनवाल्याला आत्ताच विचारा. नंतर फिल्टर आणि डॅम्पिंग (सिग्नलची थरथर गाळण्यासाठी ठेवलेला उशीर) सेट करताना याच आकड्यावर सगळं अडतं.

सिग्नलच्या जातीवरून मॉड्यूल ठरतं. इमर्जन्सी बटण, लिमिट स्विच, प्रेशर स्विच यांच्या कोरड्या काँटॅक्टसाठी २४ व्होल्टचं डिजिटल मॉड्यूल. लेव्हल किंवा पोझिशनच्या नामूर सेन्सरसाठी (कमी-जास्त करंटमधून स्थिती सांगणारे सेन्सर) ८.२ व्होल्टचं नामूर मॉड्यूल. ट्रान्समीटरसाठी ४ ते २० मिलीअँपिअरचं अ‍ॅनालॉग. लाइट कर्टनसारख्या उपकरणांचं आउटपुट स्वतःच टेस्ट पल्स सोडतं. त्या चॅनेलवर मॉड्यूलची शॉर्ट सर्किट टेस्ट बंद ठेवावी लागते आणि इनपुट फिल्टर त्या पल्सपेक्षा मोठा घ्यावा लागतो, नाहीतर मशीन उगाचच थांबत राहतं.

मुळात ट्रान्समीटर परवडत असेल तर स्विच लावू नका. स्विच वर्षभर गप्प बसून असतो; तो जिवंत आहे की आतून जाम झालाय हे कळायला मार्ग नाही. ट्रान्समीटरचा आकडा सतत हलत असतो, तो गोठला तर डोळ्याला दिसतं.

वायरिंग

पहिली गोष्ट पॉवर सप्लाय. मॉड्यूलला पीईएलव्ही किंवा एसईएलव्ही दर्जाचाच २४ व्होल्ट सप्लाय द्यायचा, म्हणजे सप्लायच्या आत फॉल्ट झाला तरी बाहेर ६० व्होल्टच्या वर काही जाणार नाही. मॅन्युअलमध्ये ही अट ठळक छापलेली असते आणि स्वस्तातल्या सप्लायमुळे ती सर्रास मोडली जाते. रिडंडंट सप्लाय असतील तर डायोड मॉड्यूलनंतरचं व्होल्टेज मोजा, आधीचं नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंग. ० व्होल्ट एका ठिकाणी अर्थ करा आणि काँटॅक्ट नेहमी पॉझिटिव्ह तारेत ठेवा. कारण असं: ० व्होल्ट अर्थ केलेला असताना पॉझिटिव्ह तार कुठे जमिनीला लागली तर फ्यूज उडतो किंवा मॉड्यूल शॉर्ट दाखवतं, सिग्नल जातो, ट्रिप होतं. उलट काँटॅक्ट निगेटिव्ह बाजूला टाकला आणि काँटॅक्टच्या अलीकडे तार जमिनीला लागली, तर काँटॅक्ट उघडला तरी करंट अर्थमधून परत जातो. बटण दाबलं, काही झालं नाही. सप्लाय मुद्दाम अर्थविना ठेवला असेल तर पहिला अर्थ फॉल्ट कुणालाच कळत नाही आणि दुसरा आला की दोघं मिळून काँटॅक्टला पूल घालतात. तिथे अर्थ फॉल्ट डिटेक्टर हवाच.

केबल: शील्डेड ट्विस्टेड पेअर, १.५ चौरस मिलिमीटर तांबं. हिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. ३०० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६०० मीटर, सव्वासात ओहम. पाच मिलीअँपिअरला व्होल्टेज ड्रॉप भरतो ०.०४ व्होल्टच्या आत. डिजिटल इनपुटला ड्रॉपची चिंता करायचं कारण नाही. खरी अडचण केबलच्या कपॅसिटन्सची. मीटरला १५० पिकोफॅरड धरले तर ३०० मीटरला ४५ नॅनोफॅरड. सप्लायला खोट पडते तेव्हा हा साठा इनपुटमधूनच रिकामा व्हायचा असतो. २४ व्होल्टला ४ मिलीअँपिअर घेणारा इनपुट म्हणजे अंदाजे ६ किलोओहम. व्होल्टेज २४ वरून ५ वर उतरायला लागतात ०.४ मिलिसेकंद. टेस्टची वेळच ०.४ मिलिसेकंद ठेवली असेल तर मॉड्यूलला खोट दिसतच नाही आणि ते शॉर्ट सर्किट ओरडतं. केबल कोरी करकरीत, मेगर (इन्सुलेशनची चाचणी) उत्तम, तरी फॉल्ट. अशा वेळी केबल बदलत बसू नका. टेस्टची वेळ वाढवा आणि इनपुट फिल्टर त्याच्याहून मोठा करा. मॅन्युअलमध्ये केबलची कमाल लांबी फिल्टरच्या प्रत्येक सेटिंगसाठी वेगळी दिलेली असते.

शील्ड पॅनेलच्या बाजूलाच अर्थ करा, फील्डच्या बाजूला कापून हीटश्रिंक चढवा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून लांब ट्रे घ्या. जागेअभावी एकाच ट्रेमध्ये कोंबायचा मोह होतो, आणि मग मोटर सुरू झाली की इनपुट लुकलुकतो.

आता जंक्शन बॉक्स. पुण्याकडे जून ते सप्टेंबर हा त्याचा परीक्षेचा काळ. वरून केबल घेतलेला बॉक्स पहिल्याच पावसात पाणी धरतो. ग्लँड खालच्याच बाजूला हवेत, रिकाम्या भोकांना मेटल प्लग हवेत, आणि केबलला बॉक्सच्या खाली एक झोळ हवा म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. बॉक्समध्ये शिरलेलं पाणी नुसता गंज आणत नाही. प्लँटमधलं पाणी क्षारयुक्त, कधी आम्लयुक्त; टर्मिनलवर त्याचा थर बसला तर तो काँटॅक्टला समांतर असा रेझिस्टन्स होतो. पाच किलोओहमचा थर सुमारे सहा किलोओहमच्या इनपुटशी सिरीजमध्ये आला तर इनपुटवर १३ व्होल्टच्या आसपास उरतात. आयईसी ६११३१-२ प्रमाणे टाइप १ इनपुटला १५ च्या वर ‘चालू’ आणि ५ च्या खाली ‘बंद’ याची खात्री असते. मधल्या पट्ट्यात मॉड्यूल काय समजेल याचा भरवसा नाही. टाइप ३ इनपुट तर ११ च्या वर असलेलं सगळं चालूच धरतं. म्हणजे बटण दाबून काँटॅक्ट उघडला तरी पाणी सिग्नल धरून ठेवू शकतं. यावर उपाय म्हणजे सप्लायचं आणि रिटर्नचं टर्मिनल शेजारी न ठेवता मध्ये एक रिकामं किंवा अर्थचं टर्मिनल टाकणं. खर्च एका टर्मिनलचा.

काँटॅक्टचं मटेरियलही बघा. साध्या चांदीच्या काँटॅक्टला चांगला करंट लागतो. तीन-चार मिलीअँपिअरवर चांदीवरचा ऑक्साइड किंवा सल्फाइडचा थर फुटत नाही, आणि जिथे हायड्रोजन सल्फाइडचा वास आहे तिथे तो थर लवकर चढतो. परिणाम सुरक्षित बाजूचा, पण वैतागाचा: रात्री दोनला कारण नसताना ट्रिप. सेफ्टी इनपुटसाठी गोल्ड प्लेटेड काँटॅक्ट ब्लॉक मागवा.

मशरूम बटणाचा आणखी एक आजार आहे. बटण दारावर असतं आणि काँटॅक्ट ब्लॉक मागून क्लिपने अडकवलेला असतो. दार आदळून किंवा कुणी ओढून ती क्लिप सुटली की ब्लॉक खाली लोंबतो, त्याचा एनसी (न दाबता जोडलेला असणारा) काँटॅक्ट बंदच राहतो. सिग्नल आहे, पल्स जातायत, दोन्ही चॅनेल एकमताने ठीक. बटण दाबलं तर ते नुसतंच आत जातं. यासाठी सेल्फ-मॉनिटरिंग ब्लॉक मिळतात. ब्लॉक बटणापासून सुटला की त्यांच्या आतला जादाचा काँटॅक्ट सर्किट तोडतो. किमतीतला फरक किरकोळ आहे, दुसरं काही घेण्यात अर्थ नाही. बटण स्वतः आयईसी ६०९४७-५-५ चं, दाबल्यावर अडकून राहणारं हवं.

एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर

फायर अँड गॅसच्या काही इनपुटमध्ये उलटं असतं: काँटॅक्ट बंद झाला की कारवाई. तिथे तार तुटली तर सिग्नल कधीच येणार नाही, म्हणून लाइन मॉनिटरिंग सक्तीचं समजा. नामूर मॉड्यूलवर कोरडा काँटॅक्ट लावायची नेहमीची जोडणी अशी: काँटॅक्टला समांतर १० किलोओहम आणि त्या जोडीला सिरीजमध्ये १ किलोओहम. मॉड्यूलमध्ये आतला १ किलोओहम धरून ८.२ व्होल्टवर आकडे येतात ते असे. काँटॅक्ट उघडा: एकूण १२ किलोओहम, ०.६८ मिलीअँपिअर. काँटॅक्ट बंद: २ किलोओहम, ४.१ मिलीअँपिअर. तार तुटली: शून्य. तारा चिकटल्या: ८.२ मिलीअँपिअर. नामूरच्या हद्दी १.२ च्या खाली सिग्नल बंद, २.१ च्या वर सिग्नल चालू, ०.१ च्या खाली तुटलेली आणि ६ च्या वर शॉर्ट अशा असल्यामुळे चारही अवस्था स्वच्छ वेगळ्या दिसतात. आणि मघाशी पल्सने न पकडलेला फॉल्ट, एकाच काँटॅक्टच्या दोन तारा चिकटणं, तो इथे पकडला जातो.

रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मूठभर मिळतात. ते बसवायचे कुठे हा कळीचा प्रश्न. बटणाच्या किंवा स्विचच्या बॉक्सच्या आत, काँटॅक्टच्या पायावर. कितीतरी पॅनेलमध्ये हे रेझिस्टर मार्शलिंग टर्मिनलवर (फील्डच्या तारा पॅनेलमध्ये जिथे येतात तिथे) नीट ओळीने लावलेले दिसतात. दिसायला देखणं, पण मग मॉड्यूल पॅनेलच्या आतली अर्धा मीटर तार तेवढी सांभाळतं आणि बाहेरची तीनशे मीटर वाऱ्यावर.

झोन १ किंवा झोन २ मध्ये, म्हणजे स्फोटक वायूची शक्यता असलेल्या भागात, तारेतली ऊर्जा मर्यादित ठेवणारा बॅरियर किंवा आयसोलेटर येणार. तो सिल सर्टिफाइड आहे का, त्यातून टेस्ट पल्स जातात का आणि लाइन फॉल्ट पुढे कळतो का, हे तिन्ही बघा. फील्डच्या उपकरणाला पेसोची (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची) मंजुरी हवी. बॅरियरमधून पल्स जात नसतील तर त्या चॅनेलवर मॉड्यूलची टेस्ट बंद करावी लागते. तेवढं डायग्नॉस्टिक कमी झालं हे कॅल्क्युलेशन करणाऱ्याला लेखी कळवा.

अ‍ॅनालॉग इनपुट

नामूर एनई ४३ प्रमाणे ३.८ ते २०.५ मिलीअँपिअर हे मोजमाप, ३.६ आणि त्याखाली किंवा २१ आणि त्यावर म्हणजे ट्रान्समीटरच बिघडला. ट्रान्समीटर बिघडल्यावर खाली जाईल की वर, हे त्याच्या आतल्या स्विचने किंवा हार्टवरून (त्याच तारांवरून चालणाऱ्या डिजिटल संवादातून) ठरतं. हाय प्रेशर ट्रिपचा ट्रान्समीटर बिघडून ३.६ वर गेला आणि लॉजिकमध्ये खालची मर्यादा तपासलीच नसेल, तर सिस्टिमला वाटतं की प्रेशर शून्य आहे, छान चाललंय. मॉड्यूलचं डायग्नॉस्टिक चालू करा आणि ‘चॅनेल खराब’ हा बिट मतदानात आणा.

ओलावा इथेही त्रास देतो, जरा छुप्या पद्धतीने. ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर १८ व्होल्ट आहेत आणि ओलसरपणामुळे दोन टर्मिनलमध्ये १५ किलोओहमची गळती झाली, तर १.२ मिलीअँपिअर जादा वाहतात. ट्रान्समीटर आपला करंट बरोबर पाठवतोय, त्यात हे १.२ मिसळतात. १६ मिलीअँपिअरच्या स्पॅनवर ही साडेसात टक्के चूक झाली. लो लेव्हल ट्रिप २५ टक्क्यांवर असेल तर प्रत्यक्षात टाकीत साडेसतरा टक्के उरेपर्यंत पंप चालत राहील. कुठलाही अलार्म येणार नाही, कारण आकडा मर्यादेत आहे. तीनपैकी दोनच्या मतदानात एका ट्रान्समीटरचा आकडा बाकी दोघांपासून सरकला की डेव्हिएशन अलार्म द्या. याला पकडण्याचा तोच मार्ग. आणि ते तिघे तीन वेगळ्या मॉड्यूलवर, तीन वेगळ्या फ्यूजवर घ्या. एकाच कार्डाच्या शेजारशेजारच्या चॅनेलवर घेतले तर कार्ड जाताच तिघेही जातात.

सेटिंग

दोन काँटॅक्टच्या बटणाला दोनपैकी एक हे मूल्यमापन. जोडी कुठल्या चॅनेलची हे मॅन्युअलमध्ये बघा. काही मॉड्यूलमध्ये ० आणि १ शेजारी असतात, काहींत ० ची जोडी ४ शी असते. अंदाजाने जोडलं की पहिल्याच दिवशी डिस्क्रिपन्सी.

डिस्क्रिपन्सी टाइम म्हणजे दोन काँटॅक्टमध्ये चालवून घ्यायचा उशीर. बटणाला १०० ते ५०० मिलिसेकंद पुरतात, सावकाश उघडणाऱ्या दाराला जास्त. फरक पडलेला असताना काय दाखवायचं हाही पर्याय असतो: शून्य किंवा शेवटची बरोबर किंमत. शून्यच निवडा. शेवटची किंमत निवडलीत तर ट्रिपला तेवढा टाइम जास्त लागतो आणि तो हिशोबात धरावा लागतो.

तो हिशोब असा मांडा. ट्रान्समीटरचं डॅम्पिंग ०.५ सेकंद, मॉड्यूल फिल्टर ०.०२, लॉजिकचे दोन स्कॅन ०.४, सोलेनॉइड ०.२, व्हॉल्व्ह ३ सेकंद. बेरीज ४.१२. प्रोसेस सेफ्टी टाइम १० सेकंद असेल तर त्याच्या निम्म्यात, ५ च्या आत, बसलं. पुढे आकडा फार नाचतो म्हणून कुणीतरी हँडहेल्डवरून डॅम्पिंग २ सेकंद करतं. बेरीज ५.६२. लूप नापास झाला आणि पॅनेलवर त्याचा मागमूस नाही. ट्रान्समीटरचं राइट प्रोटेक्ट चालू ठेवायचं ते यासाठी.

पॅसिव्हेट झालेलं चॅनेल फॉल्ट गेल्यावर आपोआप परत येणार की ऑपरेटरने अ‍ॅक्नॉलेज करायचं? ईएसडीमध्ये अ‍ॅक्नॉलेजच. लूज कनेक्शनवर आपोआप परत येणारं चॅनेल दिवसभर उघडझाप करत राहतं.

पॅनेल तयार झाल्यावर: मुद्दाम फॉल्ट करा

लूप चेकिंगमध्ये बहुतेक जण बटण दाबतात, स्क्रीनवर बदल दिसला की टिक मारतात. सेफ्टी इनपुटला एवढं पुरत नाही. प्रत्येक चॅनेलवर, फील्डच्या टोकाला उभं राहून, एकेक करून पुढचे फॉल्ट घाला आणि काय झालं ते लिहा.

एक तार सोडा: ट्रिप यायला हवी, आणि लाइन मॉनिटरिंग असेल तर ‘तार तुटली’ असा वेगळा अलार्मही. दुसरं, इनपुटच्या तारेला बाहेरून २४ व्होल्ट जोडा: शॉर्ट सर्किट फॉल्ट यावा. न आल्यास टेस्ट पल्स बंदच राहिलेत. तिसरं, चॅनेल १ आणि २ च्या तारा एकमेकींना लावा. चौथं, पॉझिटिव्ह तार अर्थला लावा. त्याआधी त्या सप्लायवर दुसरं काय चालतंय ते बघा, नाहीतर फ्यूज उडून शेजारचा प्लँटही बसेल. पाचवं, दोनपैकी एकच काँटॅक्ट उघडा: डिस्क्रिपन्सी फॉल्ट यावा, ट्रिप यावी. सहावं, एकाच काँटॅक्टच्या दोन तारा चिकटवून मग बटण दाबा. दुसऱ्या चॅनेलने ट्रिप द्यायला हवी. अ‍ॅनालॉगला लूप कॅलिब्रेटरने ३.५, ४, ट्रिप पॉइंटच्या थोडं अलीकडे आणि पलीकडे, २० आणि २१.५ मिलीअँपिअर द्या.

बटण दाबलेल्या अवस्थेत इनपुट टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज वाचा. एलईडी विझला म्हणून पुरेसं नाही. कोरड्या, स्वच्छ लूपमध्ये आकडा शून्याला टेकलेला असतो. तिथे तीन-चार व्होल्ट दिसले तर गळती सुरू झालीय, पुढच्या पावसाळ्यात ती वाढेल.

मेगर मारायचा तर केबलची दोन्ही टोकं सोडवूनच. ५०० व्होल्ट मॉड्यूलमध्ये गेले की मॉड्यूल नवीन घ्यावं लागतं.

सगळं झाल्यावर प्रोग्रामची सेफ्टी सिग्नेचर, म्हणजे तो चेकसमचा आकडा, चाचणीच्या कागदावर लिहा. पुढे कुणी एक फिल्टर जरी बदलला तरी आकडा बदलतो आणि कागदाशी जुळत नाही.

प्रूफ टेस्ट आणि बदली

न कळणाऱ्या धोकादायक बिघाडाचा दर गुणिले चाचण्यांमधला काळ, भागिले दोन: गरज पडेल तेव्हा लूप न चालण्याची शक्यता काढायला हे साधं सूत्र एका चॅनेलच्या लूपला पुरतं. उदाहरणादाखल हा दर कोटी तासांत पाच बिघाड असा धरा. वर्षाचे तास ८७६०. दर वर्षी चाचणी केली तर शक्यता ०.००२२, सिल २. दोन वर्षांनी केली तर ०.००४४, अजून सिल २. पाच वर्षं ढकलली तर ०.०११, लूप सिल १ मध्ये घसरला. एकही पार्ट न बदलता, नुसत्या तारखा पुढे ढकलून.

भोसरी-चाकणकडच्या मशीन शॉपला गुरुवारची सुट्टी मिळते, तेव्हा बटणांची चाचणी उरकता येते. सतत चालणाऱ्या प्लँटला वार्षिक शटडाऊन गाठावं लागतं. पावसाळा संपल्यावरचं शटडाऊन सोयीचं, कारण ओलावा शिरला असेल तर तेव्हाच दिसतो. चालू प्लँटमध्ये चाचणी करायची तर मेंटेनन्स ओव्हरराइड लागतो. तो चावीचा असावा, एका वेळी एकाच सेन्सरला लागावा, ठरलेल्या वेळेनंतर अलार्म द्यावा आणि शिफ्ट इनचार्जच्या रजिस्टरमध्ये लावल्याची आणि काढल्याची वेळ असावी. टर्मिनलमध्ये घातलेली लूप वायर हा बायपास नव्हे; ती विसरली जाते.

मॉड्यूल बदलताना त्याच ऑर्डर नंबरचं आणि फर्मवेअर चालणारं घ्या. सेफ्टी पत्ता काही मॉड्यूलमध्ये डिप स्विचवर असतो, काहींत बेसमध्ये राहणाऱ्या छोट्या कोडिंग तुकड्यात. जुनं मॉड्यूल ओढताना तो तुकडा त्याच्याबरोबर निघून आला का ते बघा. पत्ता चुकला तर मॉड्यूल सुरूच होणार नाही, ते ठीक. पण सुरू झालं तरी त्यावरच्या सगळ्या चॅनेलची वरची फॉल्ट चाचणी पुन्हा करायची आणि जुनं मॉड्यूल कुठल्या चॅनेलमुळे गेलं हे स्पेअरच्या वहीत लिहायचं. एकाच चॅनेलवर दुसऱ्यांदा मॉड्यूल गेलं तर तिसरं मागवण्याआधी त्या केबलचा जंक्शन बॉक्स उघडा.